ट्रॅक्टर इलो काय?

शेजारचे आबा रोज सकाळी सातच्या सुमाराला आमच्या गडग्यापलीकडून जातात. वय अठ्ठ्याहत्तर, कमरेला आकडी, आकडीत कोयता. मान न वळवता, पावलं न थांबवता ते विचारतात, "ट्रॅक्टर इलो काय रे?"

मी म्हणतो, "बघतोय आबा."

"बघ, बघ. गवतपण बघता हा तुझी वाट."

आणि जातात. हा संवाद गेली दोन वर्षं असाच चालू आहे. मध्ये ते एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर कणकवलीला होते, तेव्हा हा प्रश्न फोनवरून आला.

प्रकरण साधं आहे. देवगड तालुक्यात आमची दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. कागदावर ती सपाट आहे, कारण कागद सपाट असतो. प्रत्यक्षात तो डोंगराचा उतार आहे. वर कातळ, मधे उतार, खाली घर, घराच्या खाली व्हाळ. हातातून लिंबू सुटलं तर ते व्हाळात मिळतं. आजोबांनी या उतारावर हापूसची कलमं लावली. नियमाप्रमाणे दहा मीटर अंतरावर, म्हणजे एकरी चाळीस. ऐंशी कलमांतली आज त्रेसष्ट उरलीत. काही वाऱ्याने गेली, काही खोडकिडीने आणि तीन माझ्यामुळे. त्या तिघांविषयी पुढे येईलच.

मी २०२३ साली बँकेतून निवृत्त झालो आणि गावी आलो. एकतीस वर्षांतली चौदा मी शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. किती ट्रॅक्टर मंजूर केले त्याची गणती नाही. समोर बसलेल्या शेतकऱ्याला चष्म्यावरून बघत "एवढ्या जमिनीला ट्रॅक्टर कशाला हवा?" हे मी इतक्यांदा विचारलंय की ते वाक्य मला झोपेतही येतं, असं बायको सांगते. ट्रॅक्टरवर मात्र मी कधी बसलो नव्हतो. हायपोथिकेशनचा शिक्का मारायला बसावं लागत नाही.

कोकणात गवत म्हणजे काय, हे शहरात कळत नाही. तिथे गवत म्हणजे हिरवळ, तिच्यावर 'चालू नये' अशी पाटी असते. इथे गवतात चालायचं म्हटलं तरी चालता येत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला प्रत्येक मिलिमीटर आमच्या बागेत उगवतो. जूनमध्ये टाकळा येतो, तेव्हा बायको त्याची भाजी करते आणि आम्ही कौतुकाने खातो. सप्टेंबरात तोच टाकळा कमरेला लागतो, आणि आपण त्याला पुरेसं खाल्लं नाही याची खंत वाटते. त्यात रानमोडी, घाणेरी, आणि या सगळ्यांवर कुरघोडी करणारं करड. दसऱ्यानंतर सगळं वाळतं, कुसळं धरतात. ती पायमोज्यातून आत शिरतात. धुतलेल्या पायमोज्यातून, वाळवलेल्या पायमोज्यातून, अगदी मुंबईला लग्नाला घालून गेलेल्या पायमोज्यातूनही ती अक्षतांच्या वेळी टोचतात.

आणि मग वणवा. वाळलेल्या गवताला कुणाची विडी पुरते. म्हणून दिवाळीनंतर बेणणी करून घ्यायची, ही इथली जुनी रीत. पण कामेरी मिळत नाहीत. मिळतात ते आधी मोठ्या बागायतदारांकडे जातात, मग मध्यम, मग आमच्यासारख्यांकडे, आणि तोपर्यंत शिमगा येतो.

पहिल्या वर्षी मी ग्रासकटर घेतला. तो पाठीला लावून मी आरशात पाहिलं तेव्हा अंतराळवीर दिसत होतो. दोरी ओढली. सुरू झाला नाही. पुन्हा ओढली. सतराव्या ओढीला खांदा सुटला आणि अठराव्या ओढीला यंत्र सुटलं. मग दीड तास हात असे थरथरत राहिले की संध्याकाळी चहा कपातला बशीत आणि बशीतला लेंग्यावर. त्यातली नायलॉनची दोरी गवत कापते, पण तिला गवत आणि कोवळं कलम यांतला फरक कळत नाही. मलाही कळत नव्हता. पहिलं कलम गेलं तेव्हा हळहळलो, दुसऱ्याला बायकोपासून लपवलं, तिसऱ्याच्या वेळी ती मागेच उभी होती. शिवाय उडालेल्या एका खड्याने आमच्याच पडवीची काच फोडली. ती बसवायला आलेला माणूस म्हणाला, "ग्रासकटर घेतलात वाटतं?"

त्याच फेब्रुवारीत वणवा डोंगर उतरून आमच्या गडग्यापर्यंत आला. रात्री अकराला वाडीतली पंधरा-वीस माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होती. मीही एक डहाळी घेऊन झोडपत होतो. उजेडात पाहिलं तर ती कलमाची होती. आग विझल्यावर काजळलेल्या तोंडाने मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मी ट्रॅक्टर घेणार. छोटा. मागे गवत कापायचं यंत्र लावलेला."

लोकांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने आबा म्हणाले, "चढतलो. पण उतरतलो कसो?"

हा प्रश्न तेव्हाच नीट ऐकला असता तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता.

पण माझा स्वभाव बँकेतला. मी फाइल उघडली. तिच्यावर लिहिलं: 'प्रकरण क्र. १, ट्रॅक्टर (लहान)'. दुसऱ्या प्रकरणाचा विचार नव्हता, पण क्रमांक घातल्याशिवाय मला फाइल उघडता येत नाही.

पहिला प्रश्न आला हॉर्सपॉवरचा. ही गोष्ट अशी आहे की तुम्ही जितक्या माणसांना विचाराल तितकी ती वाढते. कृषी केंद्राच्या दुकानात म्हणाले, दोन एकराला अकरा एचपी भरपूर. लांज्याच्या साडूने सांगितलं, चढ आहे तर अठराच्या खाली बघूच नका. बँकेतला जुना सहकारी सांगलीचा. त्यांच्या द्राक्षबागेत ओळींमधून छोटे ट्रॅक्टर फवारणी करत फिरतात. तो म्हणाला, चोवीस, आणि फोर व्हील ड्राइव्ह. त्याची बाग कॅरमबोर्डाइतकी सपाट आहे, पण सल्ला देताना त्याचा आवाज गडावरून येत होता. पेनसिल्व्हेनियातल्या भाच्याने व्हिडिओ पाठवला. टोपी घालून, एका हातात कॉफी घेऊन तो एका खुर्चीवर बसून गवत कापत चाललाय. गवत तीन इंच. मी त्याला आमच्या गवताचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मामा, यात तुम्ही कुठे आहात?" मी मध्यभागी उभा होतो.

शेवटी ठाण्याचा मेहुणा आला. त्याने बागेत दोन फेऱ्या मारल्या, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "भावजी, तुमचा प्रॉब्लेम ट्रॅक्टर नाहीये. तुमचा प्रॉब्लेम डोंगर आहे. जेसीबी लावा, दोन दिवसांत सपाट." हल्ली कोकणात कुठल्याही प्रश्नावरची चर्चा तासभर चालली की तिचा शेवट जेसीबीवर होतो. पूर्वी तो देवस्थानावर व्हायचा.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, लोकांचे ट्रॅक्टर तुम्ही एका दुपारी मंजूर करत होतात."

"तो त्यांचा पैसा होता," मी म्हणालो. हे वाक्य मी बँकेत असताना बोललो असतो तर निवृत्ती लवकर आली असती.

त्या डिसेंबरात मी पुण्याला मोशीचं किसान प्रदर्शन पाहायला गेलो. ज्याला ट्रॅक्टर घ्यायचा नाही त्याने तिथे जावं, फार आनंद होतो. ज्याला घ्यायचाय त्याने जाऊ नये. लाल, निळे, केशरी, हिरवे, लहान, अतिलहान. महिंद्राचा जिवो, स्वराजचा कोड, कुबोटाचा निओस्टार. संध्याकाळपर्यंत ही नावं माझ्या तोंडी नातवंडांसारखी बसली. मी प्रत्येकावर चढलो. प्रत्येकावर बसल्यावर स्टिअरिंग धरून, नजर क्षितिजावर लावून थोडा वेळ गप्प राहत होतो. मागे रांग लागत होती. एका स्टॉलवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही सकाळीपण बसून गेलात."

"तुलना करतोय," मी म्हणालो.

प्रदर्शनातून मी चार टोप्या, अकरा कापडी पिशव्या आणि सदतीस माहितीपत्रकं आणली. टोप्या अजून वापरात आहेत. बुजगावण्याला एक, आबांना एक. आबा ती घालून सकाळी जातात आणि विचारतात, "टोपी इली, ट्रॅक्टर खंय?"

सदतीस माहितीपत्रकांचा मी तक्ता केला. उभ्या ओळीत ट्रॅक्टर, आडव्या ओळीत गुणधर्म: एचपी, पीटीओची, म्हणजे मागचं यंत्र फिरवणाऱ्या दांड्याची, एचपी (ही इंजिनापेक्षा कमी असते, आणि यंत्र फिरवायला हीच लागते, हे कळल्यावर मी वाडीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं), वजन, रुंदी, जमिनीपासूनची उंची. त्या तक्त्याने मला इतका आनंद दिला की पावसाळा कसा गेला कळलं नाही. बाहेर गवत खांद्याला लागत होतं आणि मी आत बसून त्याच्या नायनाटाचे रकाने रंगवत होतो. अधूनमधून बायको खिडकीतून बाहेर बघायची, मग माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "तक्ताच फिरवून बघा ना बागेत."

मग माझ्यातल्या कर्ज अधिकाऱ्याने एक हिशोब मांडला. मांडायला नको होता. दोन एकर गवत, एकरी दोन तास, वर्षातून दोनदा: वर्षाला आठ तास काम. प्रकल्प अहवालात ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण दहा हजार तास धरतात. भागाकार केला. साडेबाराशे वर्षं आली. म्हणजे मी घेतलेला ट्रॅक्टर इसवी सन ३२७५ पर्यंत गवत कापत राहिला असता. एवढ्या लांब मुदतीचं प्रकरण मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. सहा लाखांच्या वस्तूचे साडेबाराशे वर्षांत समान हप्ते पाडले तर वर्षाला चारशे ऐंशी रुपये पडत होते. हे मी बायकोला आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, "वारस लावायला लागेल."

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्या दिवशी मी घरात ताठ मानेने वावरलो. "बघ, थांबलो म्हणून चाळीस हजारांच्या आसपास वाचले."

"मग अजून थांबा," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "शून्यावर येईल."

खरी गाठ पडली ती पंधरा अंशांशी. माहितीपत्रकात नसते अशी माहिती मॅन्युअलमध्ये असते आणि मॅन्युअल कुणी वाचत नाही. मी वाचलं. बसून गवत कापायच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये एक चित्र होतं: डोंगर, त्यावर कललेलं यंत्र, यंत्राखाली माणूस, आणि सगळ्यावर फुली. शेजारी लिहिलं होतं, पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नये.

पंधरा अंश म्हणजे किती? कंपासपेटीतल्या कोनमापकावर ते फारच किरकोळ दिसतात. वाडीत गवंडीकाम करणाऱ्या एकाकडून मी ओळंबा मागून आणला. दहा फुटी सरळ बांबू घेतला. त्याचं वरचं टोक जमिनीला टेकवायचं, बांबू आडवा, अगदी पाणसळीत धरायचा आणि हवेत राहिलेल्या दुसऱ्या टोकातून ओळंबा सोडून तो जमिनीला किती फुटांवर लागतो ते मोजायचं. दोन फूट आठ इंचांवर लागला तर पंधरा अंश. त्याच्या आत लागला तर ट्रॅक्टर, बाहेर लागला तर चित्रातला माणूस.

ऐकायला सोपं आहे. करायला तीन माणसं लागतात: एकजण बांबूचं टोक जमिनीला दाबून बसणार, एक पाणसळ बघणार, एक ओळंबा धरणार. आम्ही दोघंच होतो. बायको टोकावर बसली. मी पाणसळ बघून ओळंब्याकडे धावलो की पाणसळ हलायची. पाणसळीकडे धावलो की ओळंबा झुलायचा. त्यात छातीइतक्या गवतात टोकावर बसलेली बायको दिसेनाशी व्हायची. गडग्यापलीकडून जाणाऱ्यांना दिसत होतं ते एवढंच: एक गृहस्थ बांबू घेऊन डोंगरावर इकडून तिकडे धावतोय, आणि गवतातून बाईचा आवाज येतोय, "अहो, झालं का? मुंग्या आहेत इथे!"

आबा थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदाच थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "भूत उतरवतंस काय?"

निकाल असा लागला. वरचा कातळ: चार इंच. अगदी सपाट, ट्रॅक्टर काय, विमान उतरेल. पण तिथे गवत पायाच्या घोट्याएवढं, ऑक्टोबरात आपलं आपण मरतं. घराजवळची पट्टी: पावणेदोन फूट, म्हणजे दहा अंश, उत्तम. आणि मधला सगळा उतार, जिथे कलमं, जिथे गवत, जिथून वणवा येतो, तो: चार फूट. बावीस अंश. मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा सव्वाचार भरले, तेव्हा मोजायचं थांबवलं.

शहाणा माणूस इथे फाइल बंद करतो. पण दोन वर्षांच्या अभ्यासाचं काय करायचं? एवढी गुंतवणूक झाली की माणूस डोंगरालाच समजवायला लागतो. मी तज्ज्ञ शोधले. एकजण म्हणाला, आडवं चालवायचंच नाही, सरळ वर, सरळ खाली. दुसरा म्हणाला, चढताना रिव्हर्समध्ये चढायचं, म्हणजे पुढची चाकं उचलत नाहीत. तिसरा म्हणाला, उतरताना फोर व्हील लावून ठेवायचं, कारण ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, फोर व्हील असलं की पुढची चाकंही धरतात. चौथ्याने सांगितलं, मागच्या टायरांत पाणी भरायचं, तीन भाग पाणी, एक भाग हवा, म्हणजे वजन खाली राहतं. हे सगळे सल्ले खरे आहेत आणि सगळे मी वहीत लिहून घेतलेत. एकत्र केले तर चित्र असं होतं की साठी ओलांडलेला एक निवृत्त अधिकारी, पाण्याने भरलेल्या टायरांवर बसून, मान मागे वळवून, डोंगर उलटा चढतोय.

त्यात तो बार. ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा चिरडू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी कमान असते. पट्टा बांधून बसायचं आणि कमान उभी ठेवायची. पण आजोबांची कलमं खाली पसरलेली. कमान उभी ठेवली तर फांदी मोडते, आडवी पाडली तर आपण. मी बायकोला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "कुठली फांदी?" मी सांगितलं, विहिरीकडच्या कलमाची. ती विचारात पडली. त्या कलमाला गेल्या वर्षी साडेतीनशे आंबे लागले होते.

अखेर नोव्हेंबरात डेमो ठरला. विक्रेत्याच्या दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "सर, बावीस-बिवीस सोडा हो. गाडी झाडावर चढते आपली." हे वाक्य नंतर शब्दशः खरं झालं.

रविवारी सकाळी टेम्पोतून ट्रॅक्टर आला. चोवीस एचपी, फोर व्हील, मागे चार फुटी गवत कापायचं यंत्र. सगळी वाडी जमली. ट्रॅक्टर खाली उतरवला आणि आमच्या फाटकाशी येऊन थांबला. फाटक साडेतीन फूट. ट्रॅक्टर अंग चोरून आत गेला असता, पण मागचं यंत्र चार फूट. म्हणजे ट्रॅक्टर बागेत आणि यंत्र रस्त्यावर. माझ्या तक्त्यात सदतीस ट्रॅक्टरांची रुंदी होती. फाटकाची नव्हती.

वाडीतल्या मुलांनी पुढाकार घेऊन गडगा उचकटला. माझ्या पणजोबांनी रचलेले जांभ्याचे चिरे वीस मिनिटांत बाजूला झाले. मग कुणीतरी म्हणालं, गाऱ्हाणं घाला. आबांनी टोपी काढली (मोशीची), नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान गवत कापूक यंत्र हाडल्यान हा. तेका डोंगरार वर ने, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आनी सुखरूप खाली हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

घराजवळच्या दहा अंशांच्या पट्टीत ट्रॅक्टरने जे काम केलं ते मी विसरणार नाही. गवत आडवं पडत गेलं, मागे हिरवट-पिवळी चटई, आणि कापल्या गवताचा तो वास. माझे डोळे भरून आले. लोक म्हणाले, कुसळ गेलं असेल. दहा मिनिटांत पट्टी साफ. दुकानातला मुलगा उतरून म्हणाला, "बुक करायचा?" मी खिशातलं पेन काढलंही होतं.

आबा म्हणाले, "आता वर ने मरे."

मुलगा पट्टा बांधून बसला आणि सरळ वर निघाला. चढत गेला. खरंच चढत गेला. खालून टाळ्या. मधल्या उताराच्या निम्म्यावर गवतात बुडालेल्या एका चिऱ्यावर यंत्राचं पातं आपटलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि पातं थांबलं. त्यात एक मऊ बोल्ट मुद्दाम ठेवलेला असतो, आघात झाला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. मला हे माहीत होतं. मी खालून ओरडून ते सगळ्यांना समजावून सांगत होतो. तेवढ्यात मुलाने गाडी वळवायला आडवी घातली.

मी "आडवी नको!" म्हणालो, पण तोपर्यंत ट्रॅक्टरने निर्णय घेतला होता. वाळलेलं गवत तेल लावल्यासारखं निसरडं असतं. चारही चाकं जागच्या जागी, आणि ट्रॅक्टर मात्र बाजूला सरकतोय. घाई नाही, गडबड नाही. पंगतीत पाटावरून कडेला सरकणाऱ्या जाड्या माणसासारखा तो वीस फूट खाली आला आणि बांधावरच्या काजूला जाऊन टेकला. लोखंडी कमान काजूच्या बेचक्यात अडकली आणि गाडी तिथेच थांबली, दोन चाकं जमिनीवर, दोन काजूच्या आधाराने. मुलगा पट्ट्यात शाबूत, स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसलेला. कमानीने त्याला वाचवलं हे खरंच. तिच्या बनवणाऱ्याने काजू गृहीत धरला नसावा एवढंच.

ट्रॅक्टर मोकळा करायला विहिरीचा दोर, दोन काढण्या, अकरा माणसं आणि संध्याकाळचे सव्वापाच लागले. तोपर्यंत बायकोने चोवीस कप चहा केला, म्हणजे एचपीला एक. शेवटी गाडी खाली आल्यावर आबांनी हात जोडले. "हाडल्यान," म्हणाले. टेम्पोत चढवता चढवता मुलगा माझ्याजवळ आला, चेहरा अजून पांढरा, आणि म्हणाला, "सर, मग... अठ्ठावीस एचपीचा बघायचा?"

त्या रात्री मी फाइलीवर शेरा मारला: 'प्रकरण नामंजूर. जमीन कलती.' आणि खाली सही. चौदा वर्षं मी लोकांना नाही म्हणत आलो, पण स्वतःची फाइल परत करताना पहिल्यांदा जाणवलं की अर्जदाराला निदान एक कप चहा तरी द्यायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात आबांच्या घरच्या काकी, त्यांची सून आणि पलीकडच्या वाडीतली एक बाई अशा तिघी विळे घेऊन आल्या. त्यांना म्हशीसाठी गवत हवं होतं. पाच दिवसांत सगळा उतार साफ झाला. कलमांच्या बुंध्याभोवती त्यांनी हातभर मोकळं वर्तुळ काढलं, ते तर माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी काकींना विचारलं, "दोन वर्षं का नाही आलात?"

त्या म्हणाल्या, "तुमचो ट्रॅक्टर येवचो होतो ना!"

आता गंमत अशी झालीय की या भागात छोट्या ट्रॅक्टरचा जाणकार म्हणून माझं नाव झालं आहे. कुडाळहून, वैभववाडीहून फोन येतात. गेल्या महिन्यात एकाने फोन केला, मी पाऊण तास बोललो: पीटीओ, कमान, टायरातलं पाणी, इसवी सन ३२७५. त्याने मधेच विचारलं, "तुमच्याकडे कुठला आहे?" मी म्हणालो, "त्याच्यावरच येतोय." फोन कटला. त्याने दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेतला, असं कळलं. त्याची जमीन सपाट आहे.

असो. यंदाही पाऊस चांगला झाला आहे आणि काकींच्या म्हशीला एवढं गवत संपायचं नाही. ज्यांची गुरं असतील त्यांनी दिवाळीनंतर यावं. दोन एकर गवत फुकट आहे, विळा आपापला आणावा, चहा आमच्याकडे. ट्रॅक्टर घेऊनच यायचं कुणाच्या मनात असेल तर त्यांनीही यावं. गडगा अजून लावलेला नाही.